दोन मावळे आणि एक घोरपड



या व्यासपीठावरून इतिहासावर बोलणारी माणसे बहुधा इतिहासाची अभ्यासक असतात. मी अभ्यासक नाही, वाचक आहे. आणि तोही सवडीचा. माझे काम कामगार संघटनेचे. शाळेतले शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे वडील साचेखात्यात होते आणि मी बारा वर्षांचा होतो. तो संप संपला असे कोणी कधी जाहीर केले नाही; तो नुसता विरत गेला, आणि त्याबरोबर माझी शाळाही विरली. पुढे जे काही वाचले ते चाळीजवळच्या वाचनालयातून, आणि नंतर युनियनच्या कचेरीत, रात्रपाळीची माणसे सुटायची वाट पाहत. तेव्हा मी जे सांगणार आहे ते विद्वत्तेचे नव्हे, अनुभवाचे आहे, असे समजून ऐकावे.

माझ्यासारख्याला इतिहासाच्या घरात प्रथम नेले ते कादंबरीने. यात मला लाज वाटत नाही. मराठीत ही वाट जुनी आहे. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ सालची. त्यानंतर हरिभाऊ आपटे आले, नाथमाधव आले, १९६२ साली रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली. वाचनालयाच्या ग्रंथपालांनी मला प्रथम हातात दिले ते हरिभाऊंचे ‘गड आला पण सिंह गेला’. दिवसभर लेथवर उभे राहिलेला पोरगा रात्री जिन्यातल्या दिव्याखाली बसून ते वाचत होता. त्या वेळी कोणी मला शिवकालीन पत्रांचा खंड दिला असता तर मी तो दुसऱ्या दिवशी परत केला असता आणि कदाचित वाचनालयाची पायरीच पुन्हा चढलो नसतो. कादंबरीचे हे ऋण मोठे आहे. विद्वानांनी तिला नाक मुरडण्यापूर्वी आपण वाचायला कशाने शिकलो ते आठवावे.

परंतु पुढे एक प्रसंग घडला. एका कारखान्यात टाळेबंदी होती आणि आम्ही फाटकासमोर मांडव घालून बसलो होतो. वेळ जावा म्हणून मी तानाजीची कथा रंगवून सांगत होतो. घोरपड कड्यावर चढली, तेव्हा एक फिटर म्हणाला, “दादा, घोरपडीच्या कमरेला दोर बांधून माणूस चढतो होय? मी रोज वजनं उचलतो. मला सांगू नका.” सगळे हसले. मीही हसलो, पण प्रश्न डोक्यात राहिला. तेव्हापासून मी इतिहासाची पुस्तके धुंडाळू लागलो.

सभासदाची बखर हाती आली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली, १६९७ च्या सुमारास. सिंहगड घेतला गेला तो १६७० च्या फेब्रुवारीत. म्हणजे घटनेनंतर तीस वर्षांच्या आतले हे लिखाण. त्यात घोरपड नाही. चांगले धाडसी दोन मावळे निवडले, ते रात्री वानरासारखे कडा चढून गेले, वरून त्यांनी चढण्याची सोय लावली, आणि मग तानाजीसह तीनशे माणूस गडावर गेले, असे तो सांगतो. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात, आणि तिचे नावही येते: यशवंती.

दुसरी गोष्ट नावाची. तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण सारे लहानपणापासून ऐकतो. पण महाराजांच्या १६६३ सालच्या पत्रात गडाला सिंहगडच म्हटले आहे. तानाजीच्या मरणाच्या सात वर्षे आधी! सभासदाच्या बखरीत बातमी ऐकून महाराज जे बोलतात त्यातही सिंह नाही. एक गड हाती आला आणि एक गड गेला, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. माणसालाच तिथे गड म्हटले आहे.

हे वाचल्यावर प्रथम मला वाईट वाटले. मग वाटले, यात तानाजीचे काय कमी झाले? काहीच नाही. घरचे कार्य टाकून गेला की नाही यावर वाद घाला. तो गेला, लढला आणि पडला, यात वाद नाही. कमी झाले असेल तर आमच्या कथेतले थोडे रंगकाम. पण एक गोष्ट मनाला लागली ती अशी, की कड्यावर पहिल्याने चढलेल्या त्या दोन मावळ्यांची नावे सभासदाने दिलेली नाहीत, आणि शाहिराच्या घोरपडीचे नाव मात्र पोराटोरांना पाठ आहे. जी माणसे अंधारात हातापायांच्या बळावर चढली, त्यांचे काम एका जनावराच्या नावावर जमा झाले. हजेरीपटावर दुसऱ्याचे नाव लागले की कामगाराला काय वाटते ते मला ठाऊक आहे.

मंडळी, येथवर मी शाहिरांचे आणि कादंबरीकारांचे बोललो. आता स्वतःचे सांगतो, कारण हा दोष माझ्याही हातून घडला.

आमच्या संघटनेत एका जुन्या संपाची गोष्ट होती. मी यायच्या आधीचा तो संप. गोष्ट अशी, की बायका मुलांना काखेत घेऊन ट्रकपुढे आडव्या झाल्या, आणि तिसऱ्या दिवशी मालक स्वतः फाटकावर आला व हात जोडून मागण्या मान्य करून गेला. ही गोष्ट मी कितीतरी गेट मीटिंगांत सांगितली. टाळ्या पडत. दर वेळी एखादा तपशील वाढे. शेवटी शेवटी मालकाच्या डोळ्यांत पाणीही आले.

एकदा सभा सुटल्यावर एक म्हातारी बाई जवळ आली. म्हणाली, “भाऊ, गोष्ट ऐकायला बरी वाटते. पण मालक तिसऱ्या दिवशी आला असता, तर आमचा माणूस मरेपर्यंत भाजीची गाडी का लावत बसला?”

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी कचेरीतली जुनी पत्र्याची पेटी उघडली. कार्यकारिणीच्या इतिवृत्ताची वही वाळवीतून वाचली होती. बायका आल्या होत्या, हे खरे. पण ट्रक मागच्या फाटकाने निघून गेला. संप तीन दिवस नव्हे, जवळजवळ दोन महिने चालला. तडजोड झाली, थोडी वाढ मिळाली. आणि कराराच्या शेवटच्या कलमात लिहिले होते, की कामावरून काढलेल्या अकरा जणांचा विचार स्वतंत्रपणे केला जाईल. तो विचार पुढे कधी झाला नाही. त्या अकरांत बाईचा नवरा होता.

म्हणजे मी इतकी वर्षे जी विजयगाथा सांगत होतो, तिने त्या अकरा माणसांना दुसऱ्यांदा कामावरून काढले होते. एकदा मालकाने काढले आणि एकदा मी.

त्या वर्षीच्या स्मरणिकेत आम्ही अकराही नावे छापली. काही सहकाऱ्यांनी विरोध केला. म्हणाले, हरल्याची गोष्ट ऐकून पोरांचा धीर खचेल. धीर खचला नाही. पुढच्या वाटाघाटींच्या वेळी त्याच पोरांनी आग्रह धरला, की काढलेल्या माणसांना परत घेण्याचे कलम पहिले असावे, पगारवाढीचे नंतर. माझ्या टाळ्यांच्या गोष्टीने हे त्यांना कधीच शिकवले नव्हते. वहीतल्या चार ओळींनी शिकवले.

यावरून कादंबऱ्या वाचू नयेत असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. पानिपताचे उदाहरण घ्या. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ साली आली आणि आमच्या कचेरीत तिचे पान न् पान सुटेपर्यंत फिरली. ज्यांनी शाळा सोडल्यावर पुस्तक हाती धरले नव्हते अशा माणसांनी ती वाचली. मग त्यांतल्या दोघातिघांनी त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ मागितले. ते पचायला जड. पण कादंबरीने भूक लावली होती. आणि मग वाद झाले ते भाऊच्या शौर्यावर नव्हेत, तर धान्यावर. नोव्हेंबरपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत फौज पानिपतास अडकून पडली; बरोबर लढणाऱ्यांखेरीज बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे; डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारला गेला आणि रसदेची आशाच तुटली. अखेर उपाशी फौज उसळून बाहेर पडली. दोन महिने टाळेबंदीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पोट किती दिवस धीर धरते हे त्याला पंडितापेक्षा अधिक कळते.

तेव्हा माझी समजूत अशी झाली आहे, की कादंबरी माणसाला त्या काळात नेऊन उभी करते आणि इतिहासाचे पुस्तक तेथे उभ्या असलेल्या माणसाला विचारते, “तू हे कशावरून म्हणतोस?” दोन्ही हवीत. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांची पत्ररूप प्रस्तावना आहे. कथेच्या दारातच प्रश्न विचारणारा माणूस बसवला आहे. हा मला मोठ्या मनाचा नमुना वाटतो. भीती वाटते ती कादंबरीची नव्हे. कादंबरी हाच पुरावा मानून हमरीतुमरीवर येणाऱ्या वाचकाची.

मात्र कागदाचीही एक खोड सांगितली पाहिजे. कागद ज्याच्या पेटीत, त्याची बाजू त्यात ठळक. कारखान्याच्या मस्टरवर संपकरी नुसता ‘गैरहजर’ असतो. का गैरहजर, ते तेथे लिहिलेले नसते. राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे शोधीत हिंडले, म्हणून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड निघाला आणि पानिपतकाळची अस्सल पत्रे लोकांसमोर आली. पण ती दप्तरे सरदार-कारकुनांची. मावळ्याच्या, बारगिराच्या घरी दप्तर नव्हते. आमच्या घरीही नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले; आठवड्याची सुटी मिळायला १८९० साल उजाडले. आज रविवारी घरी बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? त्या कथेत घोरपड नाही, म्हणून ती पोवाड्यात गेली नाही.

१९८२ च्या संपातली माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ पासबुके आहेत, गेटपास आहेत, आणि आठवणी आहेत. काही खऱ्या, काही माझ्या गोष्टीसारख्या वाढलेल्या. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा पितळी बिल्ला निघाला. त्यावर नाव नाही, नुसता नंबर. मी त्यांना एकदाही बसवून विचारले नव्हते, की पहिल्या दिवशी पाळी सोडून तुम्ही बाहेर आलात तेव्हा पुढे कोण होते.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे कोणी अजून आहे, त्यांनी घरी गेल्यावर एक वही घ्यावी आणि विचारावे. आधी नावे लिहून घ्यावीत. बाकीची गोष्ट मग सांगता येईल.