गोटी सोडा आणि रामुने : खानदेश व जपानमधील लिंबूपेयाचा तुलनात्मक इतिहास

प्रस्तावना :
धरणगावच्या इतिहासात १६७४ मध्ये इंग्रजांनी घातलेली वखार, कापडाचा व्यापार आणि पुढे भरभराटीस आलेली कापसाची बाजारपेठ यांचा उल्लेख हमखास येतो. मात्र बाजारास आलेला माणूस तहान कशाने भागवीत असे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणाऱ्या खानदेशात हा प्रश्न गौण मानता येत नाही. प्रस्तुत निबंधात बाजार व यात्रांतून परिचित असलेल्या गोटी सोड्याचा विचार जपानमधील ‘रामुने’ या पेयाच्या तुलनेत केला आहे.

बाटलीची रचना व अर्थकारण :
ही दोन्ही पेये एकाच बाटलीची अपत्ये होत. हिराम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. तिच्या गळ्यात काचेची गोटी व रबरी कडे असते. वायूच्या दाबाने गोटी कड्यावर घट्ट बसते आणि बुचाची गरज उरत नाही. गोटी आत ढकलली की बाटली उघडते. अशी जाड काचेची बाटली आतील पेयापेक्षा मौल्यवान असल्याने ती परत मिळणे आवश्यक असे. परिणामी उत्पादक आणि ग्राहक जवळपासच्याच परिसरातील असत. थोडे भांडवल, गावचे पाणी आणि हाताने फिरविण्याचे यंत्र एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहू शके.

नाव एक, स्वाद दोन :
जपानमध्ये अलेक्झांडर कॅमेरॉन सिम या स्कॉटिश औषधविक्रेत्याने कोबे येथील परकीय वसाहतीत १८८४ मध्ये हे पेय विक्रीस आणले. ‘लेमोनेड’ या शब्दाचे जपानी उच्चारात ‘रामुने’ झाले. युझुसारखी आंबट फळे देशात असूनही पेयास परकीय नाव मिळाले. पुढे रामुने नावाची आंबटगोड गोळीही रूढ झाली. आपल्या ‘लिमलेटच्या गोळी’शी तिचे साम्य लक्षणीय आहे. आपल्याकडे मात्र युरोपीय लेमनची जागा कागदी लिंबाने घेतली. बाटली फोडल्यावर पेल्यात लिंबू पिळून मीठ वा साखर घालण्याच्या पद्धतीमुळे परकीय पेय स्थानिक चवीचे झाले.

१९७७ हे वर्ष :
दोन्ही देशांच्या दृष्टीने हे वर्ष महत्त्वाचे ठरते. जपानमध्ये त्या वर्षी लघुउद्योगांच्या क्षेत्रात मोठ्या कंपन्यांच्या शिरकावास आळा घालणारा कायदा झाला आणि रामुने हे लहान उत्पादकांचे क्षेत्र म्हणून टिकले. भारतातून त्याच वर्षी कोका-कोला कंपनी बाहेर पडली. परंतु मोकळ्या झालेल्या बाजारपेठेचा मोठा लाभ गावोगावच्या सोडावाल्यास न होता पारलेसारख्या मोठ्या देशी कंपनीस झाला. लिंबाच्या स्वादाचे ‘लिम्का’ घराघरांत पोहोचले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली आणि थम्स अप व गोल्ड स्पॉट यांसह लिम्काही तिच्या ताब्यात गेले. त्यानंतर प्लॅस्टिकच्या बाटलीचा प्रसार झाला आणि बाटली परत करण्याचा व्यवहार मागे पडला.

निष्कर्ष :
गोटी सोडा केवळ चवीच्या स्पर्धेत मागे पडला, असे म्हणता येणार नाही. जपानने त्याच बाटलीतील पेयाच्या लहान उत्पादकास संरक्षण दिले, आपण दिले नाही. २०२५ मध्ये भारतीय गोटी सोड्याची अमेरिका, ब्रिटन व आखाती देशांत निर्यात झाल्याचे केंद्र शासनाने अभिमानाने जाहीर केले. ही बाब स्वागतार्ह आहे. तथापि परदेशातील दुकानात बाटली पोहोचल्याने गावातील कारागिराचा व्यवसाय आपोआप सावरत नाही. जुनी यंत्रे, बाटल्या आणि वृद्ध सोडाविक्रेत्यांच्या आठवणी यांची नोंद वेळीच होणे अगत्याचे आहे. खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी हे काम विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांद्वारे हाती घेतल्यास वखारीच्या इतिहासाइतकाच बाजारातील सामान्य माणसाचा इतिहासही उजेडात येईल.