‘थर’ शब्दाची कुळकथा

कांहीं शब्द इतके नित्याचे असतात कीं, त्यांची कुळी विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. ‘थर’ हा त्यांपैकींच एक होय. पेटीवर धुळीचा थर, डोंगरांत खडकाचे थर, दहीहंडीला माणसांचे थर. असा सर्वत्र संचार करणारा हा शब्द आला कोठून, हें येथें पाहण्याचा आमचा विचार आहे.

संस्कृतांत ‘स्तृ’ म्हणजे पसरणें, आच्छादणें असा धातु आहे. त्यापासून ‘स्तर’ शब्द झाला. शब्दारंभींच्या ‘स्त’चा प्राकृतांत ‘थ’ होतो. ‘स्तन’चें ‘थान’ झालें, तसाच ‘स्तर’चा ‘थर’ झाला. घरांतील ‘अंथरूण’ हें ‘आस्तरणा’चें रूप. ‘प्रस्तर’ म्हणजे प्रथम यज्ञासाठीं पसरलेले दर्भ, मग शय्या व पुढें दगड. आमचा ‘पाथरवट’ त्याच घराण्यांतला. लॅटिन ‘स्ट्रेटम’ हाहि याच मूळ धातूचा दूरचा आप्त होय.

थराला प्रतिशब्द पुष्कळ आहेत, पण ते एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. चिरोट्याला पदर सुटतात, कांद्याचा पापुद्रा निघतो, दुधावर साय धरते, भिंतीला रंगाचे दोन हात देतात. पदर उलगडतो, पापुद्रा सोलला जातो; थर मात्र एकावर एक बसतो. हे भेद गृहिणींनीं व कारागिरांनीं राखले आहेत. सर्व ठिकाणीं ‘लेयर’ म्हणून भागवणाराच्या हातून ते नकळत पुसले जातात.

थर बसणें म्हणजे काळ सांचणें. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे लोट एकावर एक थिजले, त्यांतून दख्खनचा पाषाण घडला. सह्याद्रीच्या कड्यांवर त्या पायऱ्या अजून दिसतात. घोड नदीकांठच्या इनामगांवीं १९६८ सालीं उत्खनन सुरू झालें, तेव्हां माळवा, पूर्व जोर्वे व उत्तर जोर्वे अशा तीन वसाहती थराथरांनीं उघड झाल्या. इ. स. पूर्व १६०० ते ७०० हा त्यांचा स्थूल काळ. तेथें लेख नाहीं, राजाचें नांव नाहीं. खालचा थर आधींचा, वरचा नंतरचा, एवढ्या नियमावर तो इतिहास उभा आहे.

आतां ‘स्तर’ व ‘थर’ या एकाच शब्दाच्या दोन रूपांनीं कामें वांटून घेतलीं आहेत. माती-दगडांसाठीं थर, समाज, शिक्षण, अभिरुचि यांसाठीं स्तर. या वांटणींत एक अनर्थ झाला आहे, असें आम्हांस वाटतें. ‘खालच्या स्तरांतील लोक’ असें आपण सहज लिहितों आणि तेथें ‘खालचा’ म्हणजे ‘हलका’ असा अर्थ होतो. मूळ धातूंत उच्चनीचपणाचा गंधहि नाहीं. त्याचा अर्थ केवळ पसरणें. अडाणी ठरवलेला ‘थर’ या बाबतींत अधिक प्रामाणिक आहे. दहीहंडीच्या खालच्या थराला कोणी हलका म्हणत नाहीं. तेथें सर्वांत बळकट गडी उभे करतात, कारण वरच्या सर्वांचा भार त्यांच्या खांद्यांवर असतो. समाजाविषयीं ‘स्तर’ लिहितांना एवढें ध्यानांत ठेवलें, तरी व्युत्पत्तीचा हा खटाटोप व्यर्थ गेला नाहीं, असें आम्ही समजूं.