तांबड्या मातीचा हजेरीपट

माझ्या लग्नातला पांढरा सदरा अजून कपाटात आहे, फक्त तो पांढरा राहिलेला नाही. १९७६ साली मी गोव्यात डिचोलीतल्या एका लोखंडाच्या खाणीवर टाइमकीपर म्हणून लागलो. पहिल्याच महिन्यात कळले की इथे पांढरे कपडे घालणे हा हट्ट आहे. बायको पेडण्याची. तिच्या माहेरी गेलो की सासूबाई पडवीतूनच आत हाक द्यायच्या, "आयलो गे तांबडो जांवय!" आधी विहिरीवर हातपाय धुवायचे, मग चहा. माती पेडण्याचीही तांबडीच, पण ती जमिनीवर असायची. आमची हवेत असायची.

हे सगळे आठवायला निमित्त झाले अमेरिकेचे. मुलगी पिट्सबर्गला असते. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा जावयाने गाडीतून उत्तरेकडे एका दरीत नेले. ओढ्याचे नावच ऑइल क्रीक. त्याच्या काठी टायटसव्हिलला २७ ऑगस्ट १८५९ रोजी एडविन ड्रेकच्या विहिरीला साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागले आणि तेलाचा धंदा उभा राहिला. आता तिथे संग्रहालय आहे, ड्रेकच्या विहिरीवरचे लाकडी घर पुन्हा बांधून ठेवले आहे, आणि ओढ्याच्या काठाने राज्य सरकारचे उद्यान आहे. लोक सायकली घेऊन येतात, डबे उघडून बसतात. पुढे पिटहोल नावाचे गाव लागले. गाव म्हणजे डोंगरउतारावरचे गवत. १८६५ साली तिथे तेल सापडले, काही महिन्यांत पंधरा हजार माणूस जमला, आणि चार-पाच वर्षांत बहुतेक सगळे उठून गेले. आज गवत कापून जुने रस्ते तेवढे दाखवले आहेत, कडेला पाट्या. इथे हॉटेल होते, इथे चर्च. त्या कापलेल्या गवतावर उभे राहून मला आमच्या खाणीवरचे कॅन्टीन आठवले. त्याच्यावर आज अकेशियाचे रान आहे आणि पाटी कसलीच नाही.

परत आल्यावर नातवाला घेऊन रविवारी डिचोली तालुका फिरायचे ठरवले. पाहण्यासारखे म्हणाल तर इतके आहे की रविवार पुरत नाहीत.

नार्व्याला सप्तकोटीश्वर. कदंब राजांचा हा देव मूळचा नदीपलीकडे दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथले देऊळ मोडले, लिंग गुपचूप नदी ओलांडून अलीकडे आले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने इथे देऊळ उभे राहिले. तसा शिलालेखच दारावर आहे. सरकारने अलीकडे जीर्णोद्धार केला, २०२३ च्या फेब्रुवारीत मंदिर पुन्हा खुले झाले. काम चांगले झाले आहे, हे मी कुरकुऱ्या माणूस असूनही म्हणतो. डिचोली शहराजवळ नमाजगाह आहे, औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयाला या भागात राहिला त्या काळाशी ती जोडतात. लामगावला जांभ्या दगडात कोरलेल्या गुहा, हरवळ्यालाही तशाच, शेजारी धबधबा आणि रुद्रेश्वर. कुडण्यात जैन मंदिराचे भग्न अवशेष. मयेला तलाव. तिथे आता उंचावरून दोरी बांधून उडी मारतात. नातवाला तेच आवडले. मला उडी मारायला कुणी सांगितले नाही म्हणून मी सुखात.

पेडण्याचे फिरणे वेगळे. शापोरा नदीच्या काठी हळर्णचा किल्ला, तो १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने जिंकला आणि त्यावरूनच पुढे 'आलोर्नाचा मार्क्विस' हा किताब मिरवला. समुद्राच्या तोंडाशी तेरेखोल, १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रही तिथे तिरंगा घेऊन शिरले. सरहद्दीवर पत्रादेवी, पुढच्याच वर्षी त्याच तारखेला गोळ्या खाल्लेल्यांचे स्मारक. सासरच्या तालुक्याने आपला इतिहास किल्ल्यांत आणि स्मारकांत नीट ठेवला आहे. ठेवायला सोपाही होता, तो कुणी ट्रकात भरून नेला नाही.

डिचोलीत गुहा जपल्या, देवळे जपली. मधली साठ-सत्तर वर्षे मात्र कुठेच नाहीत. माझी, माझ्या वडिलांची.

वडील खाणीवर लागले ते टोपली घेऊन. गोव्यात खनिजाची चाहूल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लागली होती, आधी मँगनीज, मग लोखंड. १९०६ च्या पोर्तुगीज वसाहती कायद्याखाली जमिनीखालच्या दगडाचे हक्क वाटले जायचे, तेही कायमचे. पण माल खरा हलला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून. जपानच्या पोलादी कारखान्यांना लोखंड हवे होते आणि आमच्या डोंगरात ते होते. १९५१ मध्ये जपानी भांडवलावर शिरगावच्या खाणीवर यंत्रे आली. तोपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यानंतरही, काम चालायचे ते कुदळ, घण आणि डोक्यावरच्या टोपलीवर. पुरुष खणायचे, बायका दगड फोडून निवडायच्या. चांगला गोटा एकीकडे, भुसा एकीकडे. जे उपयोगाचे नाही ते कडेला टाकायचे, त्याचा डोंगर व्हायचा. त्याला आम्ही डंप म्हणायचो. माल ट्रकने नदीकाठच्या बंदरावर, तिथून बार्जमध्ये, आणि भरती साधून मांडवीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीचे मुख बंद, म्हणून खाणीचे वर्ष ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत. आमच्याकडे लग्नेसुद्धा बोनसचा हिशेब करून ठरायची.

१९६१ ला पोर्तुगीज गेले, खाणी राहिल्या. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे स्वतः खाणमालक. हक्क कायमचेच राहिले. त्यांचे रूपांतर भाडेपट्ट्यांत झाले ते थेट १९८७ च्या कायद्याने, तोवर मला नोकरीत अकरा वर्षे झाली होती.

माझे काम हजेरीचे. भोंगा झाला की दारावर टेबल. सही करणारे थोडे, अंगठे जास्त. शाईचा पॅड संध्याकाळपर्यंत तांबडा व्हायचा, कारण प्रत्येक बोटावर धूळ आधीच असायची. एक बाई होती, नाव सांगत नाही. ती अंगठा लावण्याआधी तो पदराला पुसायची, पण पदरही तांबडाच, त्यामुळे ठसा नेहमी दोनदा घ्यावा लागे. वडिलांचा अंगठा मी सहा वर्षे घेतला. बापाचा अंगठा घेताना मान वर करायची नाही, एवढे मी स्वतःला शिकवले होते.

मग चीन आला. २००० नंतर ज्या मालाला जपान नाक मुरडायचा तो हलका मालही विकला जाऊ लागला. माझ्या वडिलांच्या काळात टाकाऊ म्हणून फेकलेले डंप उकरून लोकांनी पैसे केले. घराघरात कर्जाचा ट्रक उभा राहिला. २०१०-११ साली गोव्यातून ५ कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला. रस्त्यात ट्रकामागे ट्रक, शाळेला जाणारी पोरे नाकाला रुमाल बांधून कडेने. कुणालाच थांबायचे नव्हते. मलाही नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगी शिकली ती त्याच धुळीवर.

बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला आणि १० सप्टेंबर २०१२ ला सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही. माझी निवृत्ती तीन वर्षांवर होती. ती त्या दिवशीच झाली. पुढे २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली, ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ भाडेपट्टे रद्द होऊन पुन्हा बंद. नंतर लिलाव झाले, आणि आता डिचोलीत काही ठिकाणी यंत्रे परत घरघरू लागली आहेत. तेव्हा आमचा भाग 'पूर्वीचा' खाणप्रदेश आहे की आजचा, हे सकाळी कुठला वारा वाहतो त्यावर ठरते.

शिरगावला मात्र जाऊन बघा. लईराई देवीचे गाव. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. लोककथेत ती सात बहिणींपैकी एक, केळबाय मुळगावला, महामाया मयेला, मोरजाय पार मोरजीला पेडण्यात, आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीणही त्यांतलीच. मोरजायला समुद्राचा वारा मिळाला. लईराईच्या वाट्याला आल्या खाणी. त्या गावाला लागून इतक्या खोल गेल्या की तळ समुद्रसपाटीच्याही खाली पोचला, आणि गावच्या झऱ्यांचे, विहिरींचे पाणी त्या तळाकडे वळले. शेती बसली. आता खड्ड्यांत पाणी साठले आहे, हिरवेगार, अगदी देखणे. नातू म्हणाला, "आजोबा, हा पण तलावच ना?" मी हो म्हणालो. मग बराच वेळ त्याला सांगत बसलो की मयेचा तलाव आणि हा तलाव यांत फरक काय.

साखळीच्या जुन्या खाणीवर झाडे लावली आहेत, फुलपाखरांची बाग आहे, फुटबॉलही खेळतात. चांगले आहे. पण तिथे गेलेल्या मुलाला फुलपाखराचे नाव कळते, त्या जागी टोपली वाहणाऱ्या बाईला दिवसाला काय मिळायचे ते कळत नाही. झाड लावून खड्डा झाकता येतो. तेवढ्याला इतिहास जपणे म्हणायला मी तयार नाही. पिटहोलला निदान कबूल केले आहे की इथे हाव होती आणि ती चार वर्षांत संपली.

मी काही मोठे मागत नाही. जिथे बार्ज भरायच्या त्या सारमानसच्या जेटीवर एक पाटी. शिरगावच्या खड्ड्याच्या काठाला एक सुरक्षित कठडा आणि दोन परिच्छेद, त्यांत पाण्याचे काय झाले तेही लिहिलेले. एखादी जुनी बार्ज, भंगारात जाण्याआधी काठावर ओढून ठेवलेली. घण, टोपली, चाळण. खाणमालकांची तैलचित्रे नकोत, ती आधीच पुष्कळ आहेत.

कचेरी बंद झाली तेव्हा कागद बाहेर फेकत होते. त्यांतले १९८१ ते १९८४ चे चार हजेरीपट मी घरी आणले, ते माळ्यावर आहेत. नावे, दिवस, ओव्हरटाइम, खाली अंगठे. वडिलांचा त्यांत आहे, दोनदा ठसा घेतलेल्या बाईचाही आहे. एका वहीला वाळवी लागली आहे. पुराभिलेखवाले असोत, एखादे कॉलेज असो की ग्रंथालय, ज्याला ठेवायची जागा असेल त्याने पावसाआधी येऊन घेऊन जावे.