सर्वोत्तम गाण्याच्या वादाची बखर

बीटल्सचे सर्वांत उत्तम गाणे कोणते, हा प्रश्न चार चाहत्यांच्या बैठकीत हळूच सोडून द्यावा आणि आपण तक्क्याला टेकून मजा पाहावी. चहा निवून जातो, आवाज चढतात, कोणी मध्येच उठून तबकडी लावतो, आणि मध्यरात्र उलटली तरी निकाल म्हणून काही लागत नाही. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या शौकिनांनी अशा रात्री पुष्कळ जागवल्या आहेत. तेव्हा या वेडाला हसण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

जॉन लेनन, पॉल मकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या लिव्हरपूलच्या चौघांची पहिली तबकडी १९६२ साली निघाली आणि १९७० मध्ये चौकडी मोडली. जेमतेम आठ वर्षांचा संसार! पण त्यांच्या गाण्यांवरचे भांडण साठ वर्षे उलटून गेली तरी ताजे आहे. या भांडणाचा माग काढू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. भांडणारे सगळे तीच गाणी ऐकून भांडत आहेत, असे आपण धरून चालतो. ते खरे नाही. कोणाच्या कानावर काय पडावे, कोणते गाणे पुढे यावे आणि कोणते मागे राहावे, हे पुष्कळदा तबकड्या काढणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते; आणि श्रोत्यांना आपला वाटणारा निकाल अर्धाअधिक तेथेच लागून गेला होता.

वादाला प्रारंभ झाला तो चाहत्यांत नव्हे, खुद्द स्टुडिओत. सप्टेंबर १९६२. ध्वनिमुद्रणाचा प्रमुख जॉर्ज मार्टिन याला या पोरांच्या स्वतःच्या रचनांवर फारसा भरवसा नव्हता. त्याने मिच मरे या गीतकाराचे 'हाऊ डू यू डू इट' हे तयार गाणे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते मुकाट्याने गाऊन दिले, आणि मग सांगितले की आम्हांला आमचेच गाणे हवे. मार्टिनने मानले, 'लव्ह मी डू' बाहेर आले आणि सतराव्या क्रमांकाशी अडले. पुढच्याच वर्षी तेच नाकारलेले गाणे गेरी अँड द पेसमेकर्स या लिव्हरपूलच्याच दुसऱ्या मंडळीने गायले आणि ते थेट पहिल्या क्रमांकावर गेले. बाजाराच्या हिशेबाने मार्टिन बरोबर ठरला. इतिहासाच्या हिशेबाने कोण बरोबर ठरले, हे सांगावयास नको.

त्या काळची छोटी तबकडी म्हणजे एका अंगाला एक गाणे आणि दुसऱ्या अंगाला दुसरे. पहिली बाजू रेडिओवर वाजायची, तिच्यावर यादीतले क्रमांक लागायचे. दुसरी बाजू सोबतीला. एका घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जावेसारखा हा संबंध. साहजिकच कोणाचे गाणे पहिल्या बाजूला जायचे यावरून या चौघांत धुसफूस होऊ लागली. १९६५ च्या डिसेंबरात 'डे ट्रिपर' आणि 'वुई कॅन वर्क इट आउट' यांची जोडी निघाली. इतरांचा कल दुसऱ्या गाण्याकडे, लेनन मात्र 'डे ट्रिपर'साठी हटून बसला. शेवटी दोन्ही बाजू पहिल्याच, अशी तोड काढण्यात आली. १९६७ मध्ये 'आय अॅम द वॉलरस' हे लेननचे अचाट गाणे मकार्टनीच्या 'हॅलो, गुडबाय'च्या पाठीमागे गेले. त्याची जळजळ लेननच्या मनात पुढे कितीतरी वर्षे राहिली. १९६८ मध्ये 'हे ज्यूड' पुढे आणि 'रेव्होल्यूशन' मागे. या वेळी मात्र लेननला माघार घेणे भाग पडले, आणि माझे मत विचाराल तर ते योग्यच झाले. पण 'वॉलरस'च्या बाबतीत मी लेननच्या बाजूचा आहे.

क्रमांक म्हटले की वाद मिटेल, असे कोणास वाटेल. परंतु येथे क्रमांकांचाच घोळ आहे. 'प्लीज प्लीज मी' हे १९६३ सालच्या जानेवारीतले गाणे. ते आधी संथ चालीचे होते. मार्टिनने लय वाढवावयास सांगितली, आणि मुद्रण संपताच हे तुमचे पहिल्या क्रमांकाचे गाणे, असे भाकीत केले. भाकीत खरे ठरले की नाही? त्या वेळी ब्रिटनमध्ये निरनिराळी साप्ताहिके आपापल्या याद्या छापत. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' यांच्या यादीत ते पहिले, 'रेकॉर्ड रिटेलर'च्या यादीत दुसरे. पुढे अधिकृत परंपरा म्हणून मान्यता मिळाली ती या तिसऱ्या यादीला. परिणामी २००० साली पहिल्या क्रमांकाच्या सत्तावीस गाण्यांचा संग्रह '१' या नावाने निघाला, त्यातून 'प्लीज प्लीज मी' वगळले गेले. ज्या मुलींनी ते गाणे पहिल्या क्रमांकावर आलेले डोळ्यांनी वाचले होते, त्या आता आज्या झाल्या होत्या. त्यांना हे कसे पटावे?

याच संग्रहात 'पेनी लेन' आहे आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' नाही. वास्तविक ही एकाच तबकडीची दोन अंगे. फेब्रुवारी १९६७ मध्ये ती निघाली तेव्हा एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी' या रडव्या गाण्याने तिला ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडवून धरले. अमेरिकेत 'पेनी लेन' पहिले आले, म्हणून तेवढ्याला संग्रहात प्रवेश मिळाला. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स'चे दोन वेगवेगळे आविष्कार मुद्रित झाले होते, दोहोंचा सूर निराळा, लय निराळी. लेननला एकाचा आरंभ आवडला आणि दुसऱ्याचा शेवट. एकाची गती थोडी वाढवून आणि दुसऱ्याची कमी करून ते दोन्ही सांधण्यात आले, आणि सांधा असा बसला की ठाऊक नसलेल्याच्या कानाला तो सापडत नाही. असे गाणे विजेत्यांच्या पंगतीबाहेर उभे! आधी येऊन गेलेली गाणी पुन्हा मोठ्या तबकडीवर देऊ नयेत, या संकोचापायी ही दोन्ही गाणी 'सार्जंट पेपर'मधूनही राहून गेली. आपल्या व्यवसायातली ही सर्वांत मोठी चूक, अशी कबुली मार्टिनने पुढे दिली आहे.

पंडितांचे निवाडे तरी निर्दोष म्हणावे, तर तेही नाही. २७ डिसेंबर १९६३ च्या लंडनच्या 'टाइम्स'मध्ये विल्यम मान या संगीत-समीक्षकाने या पोरांची गंभीरपणे दखल घेतली. 'नॉट अ सेकंड टाइम' या फारशा न गाजलेल्या गाण्याचा शेवट त्याने माहलरच्या 'साँग ऑफ द अर्थ'च्या शेवटाशी ताडून पाहिला आणि 'इओलियन केडन्स' असा शास्त्रोक्त शब्द वापरला. हा काय प्रकार आहे हे आपल्याला कधीच कळले नाही, असे लेनन अखेरपर्यंत हसत सांगे. उलट १९६७ च्या जूनमध्ये रिचर्ड गोल्डस्टीन याने 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये 'सार्जंट पेपर'ची खरडपट्टी काढली. त्यातल्या त्यात 'अ डे इन द लाइफ'ला तेवढे वाखाणले. वाचक खवळले. पुढे त्यानेच सांगितले की आपल्या यंत्राचा एक स्पीकर तेव्हा बिघडलेला होता. अर्धेच गाणे ऐकून दिलेला निकाल! परंतु जरा थांबून विचार केला, तर अर्धे ऐकून निकाल देणारा तो एकटाच नव्हता.

कारण अटलांटिकच्या पलीकडचे सारेच चाहते एका अर्थाने अर्धे ऐकत होते. अमेरिकेतली कॅपिटॉल कंपनी बीटल्सच्या मोठ्या तबकड्या जशाच्या तशा काढत नसे. दोनचार गाणी काढून ठेवायची, उरलेल्यांत इकडची तिकडची भर घालायची आणि मूळ दोनांच्या तीन करायच्या, असा तो व्यापार. 'रिव्हॉल्व्हर' ब्रिटनमध्ये ऑगस्ट १९६६ मध्ये निघाली तेव्हा तीवर चौदा गाणी होती. अमेरिकन आवृत्तीत अकरा. गळालेली तिन्ही लेननची: 'आय'म ओन्ली स्लीपिंग', 'अँड युअर बर्ड कॅन सिंग' आणि 'डॉक्टर रॉबर्ट'. ती आधीच 'यस्टरडे अँड टुडे' नावाच्या जमवलेल्या तबकडीत खर्ची पडली होती. त्यामुळे मूळ तबकडीत लेनन आणि मकार्टनी यांनी गायिलेली गाणी सारखी, पाच-पाच. अमेरिकन तबकडीत लेननची उरली फक्त दोन. त्या वर्षी लेनन मागे पडला होता, असे एखादा अमेरिकन चाहता म्हणाला तर तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या हातातली पोथीच तशी होती.

आपल्याला पाठभेदांचे हे दुखणे परके नाही. ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करण्यास एकनाथांसारखा पुरुष लागला. बीटल्सच्या पोथ्यांचे शुद्धीकरण झाले ते १९८७ साली, कॉम्पॅक्ट डिस्क आल्यावर. तेव्हा ब्रिटिश क्रम जगभर प्रमाण मानला गेला. त्यानंतर 'रिव्हॉल्व्हर'चा भाव कसा चढत गेला, पाहा. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाच्या पाचशे श्रेष्ठ तबकड्यांच्या यादीत २००३ आणि २०१२ साली 'सार्जंट पेपर' पहिली होती. २०२० च्या यादीत ती चोविसावी झाली आणि 'रिव्हॉल्व्हर' अकरावी. हा पालट नुसत्या पाठशुद्धीने झाला असे मी म्हणत नाही, पिढीही बदलली. पण संपूर्ण ग्रंथ हाती आल्यावाचून तो झाला असता, असेही वाटत नाही. अशुद्ध पाठाचा महिमाही कधी मोठा असतो. बीच बॉइजच्या ब्रायन विल्सनने 'रबर सोल' ऐकून ईर्ष्येने 'पेट साउंड्स' रचली, ती कॅपिटॉलची मोडतोड केलेली आवृत्ती ऐकून!

काटछाट कंपनीनेच केली असे नाही; चाहत्यांचाही तो आवडता खेळ आहे. नोव्हेंबर १९६८ ची पांढऱ्या वेष्टनाची दुहेरी तबकडी, तीस गाण्यांची. निवडक गाण्यांची एकच काढावी, असे मार्टिनचे मत होते. मकार्टनीने ते कधी मान्य केले नाही. तेव्हापासून घरोघर चाहते कागद घेऊन बसतात आणि तिसांतून चौदा निवडतात. आठ मिनिटांहून लांब असलेला 'रेव्होल्यूशन ९' हा आवाजांचा कल्लोळ बहुतेक जण आधी खोडतात. मीही खोडला. मग यादी वाचून पाहिली, तर ती नीटनेटकी, सभ्य आणि निर्जीव वाटली. गोधडीतली विजोड ठिगळे काढली की उरते ते नुसते कापड.

वादाचे सर्वांत दुखरे अंग मात्र श्रेयाचे आहे. २००० साली 'मोजो' मासिकाने गीतकारांची मते घेतली, तेव्हा 'इन माय लाइफ' हे सर्वश्रेष्ठ गीत ठरले. पण ते कोणाचे? शब्द लेननचे, याविषयी दुमत नाही. चालीपैकी मधला भाग आणि जोडसूर एवढेच पॉलचे, असे लेनन १९८० साली सांगून गेला. संपूर्ण चाल मी बसवली, असे मकार्टनीने १९९७ च्या चरित्रात सांगितले. दोघेही आपापल्या आठवणीशी प्रामाणिक असावेत. २०१८ साली मार्क ग्लिकमन आणि जेसन ब्राउन या गणितज्ञांनी स्वरांच्या लकबी मोजून कौल दिला तो लेननच्या बाजूने. मकार्टनीची शक्यता शेकड्याला दोनहूनही कमी! गणित चुकले असेल असे नाही. पण एका खोलीत बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत ज्यांनी चाली बांधल्या, त्यांतला एक गेल्यावर उरलेल्याच्या आठवणीला शेकडेवारीने खोडावे, हे मनाला रुचत नाही.

या दोघांच्या रस्सीखेचीत हॅरिसन बाजूलाच राहिला. त्याचे 'समथिंग' १९६९ मध्ये पहिल्या बाजूला आले. फ्रँक सिनात्रा ते थोर प्रेमगीत म्हणून गाई, आणि खुशाल लेनन-मकार्टनीची रचना म्हणून त्याची ओळख करून देई. त्याच वर्षीचे त्याचे 'हिअर कम्स द सन' ब्रिटनमध्ये वा अमेरिकेत त्या काळी सुट्या तबकडीवर आलेच नाही. आता बाजू उरल्या नाहीत. हवे ते गाणे बोटाच्या स्पर्शाने वाजते. तेव्हा स्पॉटिफायवर एक अब्जाचा टप्पा ओलांडणारे बीटल्सचे पहिले गाणे हेच ठरले, २०२३ साली. कोणी पुढे केले नव्हते ते लोकांनी आपण होऊन उचलले.

हॅरिसनचा विषय निघाला की आपल्या घरची गोष्ट येते. 'रिव्हॉल्व्हर'वरच्या त्याच्या 'लव्ह यू टू'मध्ये तबला वाजतो तो अनिल भागवत यांचा. बाहेरच्या वादकांची नावे सहसा न छापण्याच्या त्या दिवसांत तबकडीच्या वेष्टनावर हे नाव छापलेले आहे. आणि जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईत आला, एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत आपल्याकडचे वादक जमवून त्याने काही संगीत मुद्रित केले. वादकांत हरिप्रसाद चौरसियांची बासरी होती, आशिष खाँचा सरोद होता. त्यांतल्या एका वादनावर त्याने फेब्रुवारीत लंडनला जाऊन आपला आवाज चढवला. शब्दांना आधार 'ताओ ते चिंग'चा. गाण्याचे नाव 'द इनर लाइट'. मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूला निघाले. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेले हॅरिसनचे हे पहिले गाणे. भारतीय वाद्ये विसरा आणि चाल ऐका, किती सुंदर आहे, असे मकार्टनी त्या वेळी सांगत होता. मोठ्या तबकडीवर यावयास त्याला १९७८ साल उजाडावे लागले, तेही 'रॅरिटीज' म्हणजे दुर्मिळ वस्तूंच्या संग्रहात.

पहिल्या दहांच्या यादीसाठी रात्रभर भांडणाऱ्या मंडळींना मी पुष्कळदा विचारून पाहिले आहे. 'लेडी मॅडोना' सगळ्यांनी ऐकलेले असते. पाठीमागचे, मुंबईत मुद्रित झालेले ते अडीच मिनिटांचे गाणे एखाद्यानेच. मग तबकडी उलटी करावी लागते.