‘चारशेसात’ टिकली, जपानी गाड्या का गेल्या?

आपल्याकडे छोटी मालगाडी म्हणजे ‘टेम्पो’, मग कंपनी कोणतीही असो. हे नाव मूळचं जर्मनीतल्या हँबर्गच्या कंपनीचं. तिच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली, आधी तीनचाकी आली, पुढे आकुर्डीचा कारखाना आला, मग मॅटाडोर आली. कंपनीचं नाव आता फोर्स मोटर्स आहे, पण लोकांच्या तोंडी टेम्पोच राहिला.

जुनी पिकअप घ्यायची असेल तर याच्या पुढचा इतिहास जास्त कामाचा आहे.

१९८० च्या दशकात सरकारने हलक्या मालगाड्यांसाठी चार जपानी भागीदाऱ्यांना परवानगी दिली : डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. गाड्या देखण्या, इंजिनं चांगली. जुन्या देशी कंपन्यांचं आता काही खरं नाही, असं वाटावं अशीच स्थिती होती. तेव्हा टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८६ मध्ये स्वतःची ४०७ बाजारात आणली.

मग झालं काय? १९८५ च्या प्लाझा करारानंतर दोन-तीन वर्षांतच डॉलरच्या तुलनेत येन जवळपास दुप्पट महाग झाला. ज्यांचे पार्ट जपानहून येत होते त्यांचं गणितच बिघडलं. टोयोटा बाहेर पडली, डीसीएमचा कारखाना देवूकडे गेला आणि पुढे देवूही बुडाली. ऑल्विनचा गाड्यांचा धंदा महिंद्राकडे गेला. आयशरने मात्र पार्ट झपाट्याने देशात बनवायला घेतले. म्हणून आज ‘आयशर’ हा शब्दही टेम्पोसारखाच बोलीत रुळलाय. आणि ४०७? तिचे पार्ट इथलेच, तिचं काम येणारा फिटर गावोगावी. ती टिकली.

म्हणजे बघा, टोयोटा-निस्सानच्या गाड्या काही वाईट नव्हत्या. त्यांच्यामागे पार्ट आणि फिटर यांची साखळी उभी राहिली नाही, एवढंच. खात्रीची गाडी म्हणजे जी बंद पडत नाही ती नव्हे. बंद तर सगळ्याच पडतात. बंद पडल्यावर तालुक्याच्या गावी, परवडेल अशा खर्चात, दुसऱ्या दिवशी चालू होते ती खात्रीची.

आता हे आजच्या बाजाराला लावा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ सक्तीचं झालं. धूर कमी झाला, चांगलंच झालं. पण सेन्सर वाढले, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. त्यामुळे जुनी बीएस-६ पिकअप घेण्याआधी आपल्या गावच्या गॅरेजवाल्याला विचारा, "हिचं काम तुझ्याकडे होतं का?" तो नाही म्हणाला तर स्वस्तात मिळतेय म्हणून भुलू नका.

बाकी तपासणी नेहमीचीच. इंजिन थंड असताना चालू करून बघा. चासीवर वेल्डिंगच्या खुणा आणि पाट्यांचा बसकेपणा बघा, ओव्हरलोडचा हिशोब तिथेच दिसतो. कर्जाचा बोजा उतरलाय का, पासिंग आणि विमा कधीपर्यंत आहे, हे कागदावर बघा. आरसी ३० दिवसांत नावावर करायला अर्ज द्या. आपली गाडी विकतानाही नोंद बदलल्याची खात्री करा. नोंद बदलली नाही तर अपघाताची भरपाई कागदावरच्या मालकाच्या गळ्यात पडते, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

पण सगळा भार घेणाऱ्यावर टाकून कसं चालेल? शेतमाल, दूध, भाजी वाहणारी पोरं कर्ज काढून या गाड्या घेतात. गाडी चार दिवस उभी राहिली तर हप्ता थांबत नाही. २०२२ मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती आणि पार्ट कंपनीच्या शोरूमबाहेरच्या फिटरलाही मिळाले पाहिजेत, आयटीआयमध्ये या इंजिनांचं शिक्षण मिळालं पाहिजे. ४०७ ला गावोगावच्या फिटरने तारलं. तोच हद्दपार झाला तर पुढची जुनी गाडी घ्यायची कुणाच्या भरवशावर?

घरात कुणी जुनी पिकअप बघत असेल तर इसार देण्याआधी त्याला हे वाचून दाखवा.