गरम लोकरीचे तुकडे : पोलिओ आणि फिजिओथेरपीची जडणघडण

फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात शरीराच्या संस्था वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवल्या जातात : पचनसंस्था, चेतासंस्था, स्नायू, श्वसनसंस्था. पोलिओचा विषाणू ही विभागणी जुमानत नाही. तो तोंडावाटे शिरतो, आतड्यात वाढतो, शेकड्यात एखाद्याच्याच मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो, पाय लुळा करतो आणि श्वासपटल गाठले तर जीव घेतो. महायुद्धांचा अपवाद सोडल्यास फिजिओथेरपीला या रोगाइतके दुसऱ्या कशानेही घडवले नसावे. त्या घडणीच्या केंद्रस्थानी एक कडवा वाद होता. हा धागा त्या वादाविषयी.

आधी थोडे शरीरशास्त्र. मज्जारज्जूच्या आडव्या छेदात मधला करडा भाग फुलपाखरासारखा दिसतो. त्याच्या पुढच्या बाजूस स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या प्रेरक चेतापेशी असतात. पोलिओ नेमका त्यांच्यावर घाला घालतो. संवेदना वाहणारे मार्ग मात्र शाबूत राहतात. त्यामुळे मूल पाय हलवू शकत नाही, पण पायातली वेदना त्याला पुरेपूर कळते.

१९०८ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी हा रोग विषाणूजन्य असल्याचे दाखवले. १९१६ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २७,००० रुग्ण आढळले आणि सुमारे ६,००० मृत्यू झाले. विचित्र बाब अशी की, स्वच्छता सुधारलेल्या समाजांतच साथी भडकत होत्या. पूर्वी आईकडून आलेले संरक्षण टिकून असतानाच, तान्हेपणी, संसर्ग होऊन जाई. आता तो उशिरा गाठू लागला आणि अधिक घातक ठरला.

उपचार काय? बोस्टनचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट लव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्मिन राइट यांनी स्नायूंची ताकद हाताने तपासण्याची पद्धत बसवली. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो का, हा तिचा मूळ प्रश्न. राइट यांनी ती १९१२ मध्ये प्रसिद्ध केली. विद्यार्थी आज ० ते ५ अशी जी श्रेणी पाठ करतात, तिचे मूळ या तपासणीत आहे.

तपासणी शिस्तीची होती, पण प्रत्यक्ष उपचार बहुतेक ठिकाणी एकच : अवयव जखडून ठेवणे. दुबळ्या स्नायूला समोरचा बळकट स्नायू ओढून विकृती आणील, म्हणून हातपाय प्लास्टरमध्ये किंवा लोखंडी चौकटीत महिनोन्‌महिने बांधले जात. हा तर्क वेडगळ नव्हता. परंतु वापरच थांबला की निरोगी स्नायूही झडतो आणि सांधा आखडतो. रोगाने जितके हिरावले, त्यात उपचाराने भर घातली असे अनेक मुलांबाबत घडले.

या मताला धक्का दिला तो एलिझाबेथ केनी यांनी. जन्म १८८०, न्यू साउथ वेल्स. परिचर्येचे रीतसर शिक्षण नाही. क्वीन्सलंडच्या खेडोपाडी घोड्यावरून फिरून त्या रुग्णसेवा करीत. ‘सिस्टर’ ही पदवी पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जहाजांवरील सेवेमुळे मिळाली. १९११ साली लुळ्या पडलेल्या एका मुलीविषयी त्यांनी तारेने विचारणा केली. डॉक्टरांचे उत्तर आले की रोग बालपक्षाघाताचा, उपचार ठाऊक नाही, लक्षणे पाहून जमेल ते करा. ही हकीकत केनींनी स्वतः सांगितलेली आहे, आणि आपली गोष्ट रंगवून सांगण्याची हौस त्यांना होती, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

त्यांनी केले ते असे. लोकरी कापडाचे तुकडे उकळत्या पाण्यात बुडवायचे, पाणी टिपूस न राहील असे पिळायचे आणि दुखऱ्या, आखडलेल्या स्नायूंवर गुंडाळायचे. वेदना ओसरली की सांधे हळुवार हलवायचे. मग मुलाचे लक्ष त्या एका स्नायूवर एकवटून हालचाल पुन्हा शिकवायची. प्लास्टर नाही, चौकट नाही.

१९३५ मध्ये क्वीन्सलंड सरकारने या पद्धतीच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १९३८ च्या अहवालात डॉक्टरांनी तिच्यावर कडक ताशेरे ओढले. १९४० मध्ये केनी अमेरिकेला गेल्या. मिनियापोलिसमधील काही डॉक्टरांनी त्यांना रुग्ण दिले, परिणाम डोळ्यांनी पाहिले, आणि १९४२ मध्ये तेथे त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. तोवर अमेरिकेतील रुग्णालयांत प्लास्टर मागे पडून ओल्या लोकरीचा वास भरून राहिला होता. त्या पिढीतील कित्येकांना तो वास म्हातारपणीही आठवत असे.

येथे इतिहासाभ्यासकाने सावध व्हावे. ‘अडाणी डॉक्टर आणि द्रष्टी परिचारिका’ ही कथा सोयीची आहे, खरी नाही. रोगाचे मूळ स्नायूंच्या आकुंचनात आहे, असा केनींचा सिद्धान्त होता. तो चुकीचा होता. पेशी मरतात त्या मज्जारज्जूत, हे डॉक्टरांचे म्हणणे बरोबर होते. केनी आपल्या यशाचे आकडे फुगवून सांगत आणि टीका सहन करीत नसत. बरोबर सिद्धान्त बाळगणारे मुलांना जखडत होते आणि चुकीचा सिद्धान्त मांडणारी बाई त्यांना हलते करीत होती. डॉक्टरांनी सिद्धान्त खोडला आणि त्यासोबत उपचारही फेटाळला, ही त्यांची खरी चूक. तिची किंमत मुलांनी मोजली.

३० नोव्हेंबर १९५२ रोजी केनींचे निधन झाले. त्याच वर्षी मुंबईत पोलिओची मोठी साथ आली होती. तिच्या पार्श्वभूमीवर परळच्या केईएम रुग्णालयात भारतातील पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. मुंबई राज्याचे सरकार (महाराष्ट्र राज्य अजून जन्मायचे होते), महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्यातून. त्याआधी, १९४७ मध्ये, फातिमा इस्माईल यांनी मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभारली होती. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. पुढे १९५५ मध्ये हाजी अलीजवळ भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये साल्क यांची लस परिणामकारक असल्याचे अमेरिकेत जाहीर झाले.

लस आली तरी वाद पुरता मिटला नाही. लुळा स्नायू काही अंशी पुन्हा का चालू लागतो, याचे उत्तर पुढे मिळाले : वाचलेल्या चेतापेशी नवे फाटे फोडतात आणि अनाथ झालेले स्नायुतंतू दत्तक घेतात. एकेक पेशी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक तंतूंचा भार वाहते. पण हा भार कायम पेलत नाही. १९८० च्या दशकात साथींतून बचावलेली माणसे पुन्हा डॉक्टरांकडे येऊ लागली. तीस-चाळीस वर्षे टिकलेली ताकद ओसरत होती, थकवा अनावर होत होता. लहानपणी ‘आणखी जोर लाव’ असे ऐकत चालायला शिकलेल्या या माणसांना आता उलटा सल्ला द्यावा लागला : मोजका व्यायाम, मध्ये विश्रांती, दमण्यापूर्वी थांबणे.

भारतातील रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्याआधी रोग झालेली मुले आज तरुण किंवा मध्यमवयीन आहेत. उशिरा येणारा हा थकवा त्यांच्यापैकी अनेकांना अजून गाठायचा आहे.