१४. ‘ओल्ड हंड्रेड्थ’
ही चाल आहे, गीत नव्हे. ‘हंड्रेड्थ’ म्हणजे बायबलमधील स्तोत्रसंहितेतले १०० वे स्तोत्र. मात्र १५५१ च्या जिनिव्हा येथील संग्रहात ही चाल आली ती १३४ व्या स्तोत्राच्या फ्रेंच पद्यरूपाला. तिचे श्रेय लुई बुर्ज्वा यांना देतात (हे आडनाव आहे, वर्गवाचक ‘बुर्ज्वा’शी गल्लत नको). लोकांच्या तोंडी बसलेल्या चाली परवानगीवाचून बदलल्या म्हणून त्याच वर्षी त्यांना तुरुंगात टाकले होते. सोडवले ते धर्मसुधारक कॅल्व्हिन यांनी. १०० व्या स्तोत्राचे इंग्रजी पद्यरूप १५६१ चे, विल्यम केथ यांचे. इंग्लंडची राणी मेरी ट्यूडर हिच्या राजवटीत देश सोडून जिनिव्हात राहिलेल्या प्रॉटेस्टंटांपैकी ते एक. आठ-आठ अक्षरांच्या चार ओळी दोन्हीकडे, त्यामुळे १३४ व्या स्तोत्राची चाल केथ यांच्या शब्दांना विनासायास बसली. ‘ओल्ड’ हे मागाहून चिकटले : १६९६ मध्ये टेट आणि ब्रेडी यांचा इंग्रजी स्तोत्रांचा ‘नवा’ पाठ निघाला, तेव्हा स्टर्नहोल्ड-हॉपकिन्स यांचा १५६२ चा संग्रह ‘जुना’ ठरला. दुसऱ्या एलिझाबेथच्या २ जून १९५३ च्या राज्याभिषेकातही ही चाल गायली गेली; तेथील तिची संगीत-मांडणी व्हॉन विल्यम्स यांची.